जनरल मोटर्सचे मागील-चाक-चालित प्लॅटफॉर्म

जनरल मोटर्सचे मागील-चाक-चालित प्लॅटफॉर्म म्हणजे अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने मागील चाकांना शक्ती पुरवणाऱ्या मोटारींसाठी तयार केलेले व एकेका अक्षराने ओळखले जाणारे मूळ साचे होत. ए, बी, सी, डी, एफ, जी, एच, टी, एक्स आणि वाय ही यांतील महत्त्वाची अक्षरे आहेत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशापासून शतकाच्या अखेरीपर्यंत शेव्हरले, पॉन्टिअॅक, ओल्डस्मोबाइल, ब्युइक आणि कॅडिलॅक या पाच विभागांच्या बहुतेक सर्व गाड्या यांपैकी कोणत्या ना कोणत्या साच्यावर बांधल्या गेल्या. पुढे कंपनीने इंग्रजी अक्षरांऐवजी ग्रीक अक्षरांची नावे स्वीकारली.

ही अक्षरे प्रथमदर्शनी आकाराच्या चढत्या क्रमाने लावलेली वाटतात. हा समज अर्धाच खरा आहे. ए ते डी ही पहिली चार अक्षरे मुळात खरोखरच लहानापासून मोठ्याकडे जाणारी होती. नंतरची अक्षरे गरजेप्रमाणे दिली गेली आणि त्यांत असा क्रम नाही. शिवाय १९८० च्या आसपास कंपनीने अनेक जुनी अक्षरे पुढील चाकांवर चालणाऱ्या, सर्वस्वी वेगळ्या गाड्यांना दिली. त्यामुळे केवळ अक्षरावरून गाडीची रचना सांगता येत नाही. सोबत वर्षही पाहावे लागते.

संज्ञा

कंपनीच्या व्यवहारात प्रदीर्घ काळ 'प्लॅटफॉर्म' हा शब्द नव्हता. 'बॉडी' हा शब्द वापरला जाई, आणि म्हणूनच 'ए-बॉडी', 'बी-बॉडी' अशी नावे रूढ झाली. बॉडी म्हणजे गाडीचे दिसणारे बाह्य रूप नव्हे. पुढील काचेची चौकट, इंजिन व प्रवासी यांच्यामधील आडभिंत, फरशीचा पत्रा, छताचा सांगाडा आणि दरवाजांची आतील रचना असे जे भाग एकदा साचे घडवले की लाखो गाड्यांत वापरता येतात, त्यांचा तो समूह होता. बाहेरचे पत्रे, दिवे, जाळी, अंतर्भागातील सजावट आणि अनेक वर्षे इंजिनसुद्धा प्रत्येक विभागाचे स्वतःचे असे.

एका अक्षराखालील सर्व गाड्यांची लांबीही सारखी नसे. पुढील व मागील आसांमधील अंतर, म्हणजे व्हीलबेस, फ्रेमची लांबी बदलून कमीजास्त करता येई. १९६५ सालच्या बी-बॉडी गाड्यांत शेव्हरलेचा व्हीलबेस ११९ इंच (३,०२३ मिमी), पॉन्टिअॅक कॅटलिनाचा १२१ इंच, ब्युइक लेसेबरचा १२३ इंच आणि पॉन्टिअॅक बॉनव्हिलचा १२४ इंच (३,१५० मिमी) होता. अक्षर एकच, पण गाडीच्या लांबीत वीतभराचा फरक अशी ही स्थिती होती.

या लेखातील सालांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेत नवे मॉडेल बहुधा आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत बाजारात येते व त्याला पुढील वर्षाचे नाव मिळते. येथे गाड्यांच्या संदर्भात दिलेली वर्षे सामान्यतः अशी मॉडेल-वर्षे आहेत.

उगम

विल्यम ड्युरंट यांनी १९०८ मध्ये मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे जनरल मोटर्सची स्थापना केली. त्यांनी एकामागून एक कंपन्या विकत घेतल्या. परंतु त्यांचे परस्परांशी काही नाते लावले नाही. एकाच किमतीच्या पट्ट्यात कंपनीच्याच दोन-तीन गाड्या एकमेकींची गिऱ्हाइके पळवीत. १९२३ मध्ये अध्यक्षपदी आलेल्या आल्फ्रेड स्लोन यांनी ही स्थिती बदलली. तळाशी शेव्हरले, तिच्यावर पॉन्टिअॅक (ही १९२६ पासून), मग ओल्डस्मोबाइल, ब्युइक आणि शिखरावर कॅडिलॅक अशी किमतीची शिडी त्यांनी उभारली. प्रत्येक ऐपतीच्या आणि प्रत्येक गरजेच्या माणसासाठी कंपनीकडे एक गाडी असावी, हे त्यामागील सूत्र होते.

शिडीला पायऱ्या पाच. पण पाच पायऱ्यांसाठी पाच स्वतंत्र गाड्या घडवणे परवडणारे नव्हते. येथे फिशर बॉडी या कंपनीचा संबंध येतो. गाड्यांची कवचे बनवणाऱ्या या कंपनीतील ६० टक्के हिस्सा जनरल मोटर्सने १९१९ मध्ये घेतला आणि उरलेला १९२६ मध्ये. सर्व विभागांची कवचे एकाच संस्थेकडून येऊ लागल्यावर ती वाटून वापरणे ओघानेच आले. सर्वांत लहान कवच ए, त्याहून मोठे बी, त्याहून मोठे सी आणि लिमोझिनसाठी डी अशी व्यवस्था रूढ झाली. १९३० च्या दशकात शेव्हरले व पॉन्टिअॅक प्रामुख्याने ए-बॉडीवर, ओल्डस्मोबाइल व लहान ब्युइक बी-बॉडीवर, मोठ्या ब्युइक व कॅडिलॅक सी-बॉडीवर आणि कॅडिलॅकची लांबलचक सिरीज ७५ डी-बॉडीवर असे साधारण चित्र होते.

या व्यवस्थेचे आर्थिक महत्त्व पोलादी छतांच्या काळात स्पष्ट झाले. त्यापूर्वी बंदिस्त गाडीच्या छताचा मधला भाग लाकडी पट्ट्या आणि मेण-कापड यांनी झाकला जाई. १९३५ मध्ये फिशर बॉडीने संपूर्ण पोलादी छत आणले. असे छत एका दाबात काढणाऱ्या साच्यांचा खर्च प्रचंड असतो आणि तो मोठ्या संख्येवर विभागला तरच झेपतो. चार-दोन कवचांत पाच विभाग बसवण्याची पद्धत त्यानंतर कधीच सोडली गेली नाही.

मागील चाकांची चाल ही त्या काळात निवड नव्हती. तीच रीत होती. इंजिन पुढे लांबीच्या दिशेने, त्यामागे गिअरबॉक्स, तेथून गाडीच्या पोटाखालून जाणारा प्रोपेलर शाफ्ट आणि मागील आसावर डिफरन्शियल अशी रचना अमेरिकेतील जवळजवळ प्रत्येक गाडीत असे. त्यामुळे वर्गीकरणात चालन-पद्धतीचा उल्लेख करण्याची कोणाला गरज वाटली नाही. पुढे जो गोंधळ झाला त्याचे मूळ या अनुल्लेखात आहे.

मोठ्या गाड्या : बी, सी आणि डी

१९५० च्या दशकाच्या अखेरीस शेव्हरले व पॉन्टिअॅक इतक्या वाढल्या की त्यांना ए-बॉडी पुरेनाशी झाली. त्या बी-बॉडीवर गेल्या आणि ए हे अक्षर काही वर्षे रिकामे राहिले. १९५९ सालच्या गाड्यांत पाचही विभागांची कवचे पूर्वी कधी नव्हती इतकी एकमेकांजवळ आणली गेली. त्या वर्षीच्या शेव्हरलेचे आडवे पसरलेले पंख आणि कॅडिलॅकचे गगनाला भिडणारे पंख पाहून दोघींच्या आतील सांगाड्यात काही साम्य असेल असे कोणाला वाटणार नाही, आणि विक्रीच्या दृष्टीने नेमके तेच अपेक्षित होते.

बी-बॉडी हा कंपनीचा सर्वांत फायद्याचा साचा ठरला. शेव्हरले इम्पाला व कॅप्रिस, पॉन्टिअॅक कॅटलिना व बॉनव्हिल, ओल्डस्मोबाइल ८८ आणि ब्युइक लेसेबर या गाड्या म्हणजे दोन दशकांतील अमेरिकी मध्यमवर्गाचे घरोघरी दिसणारे वाहन होय. १९६५ या एका वर्षात इम्पालाच्या दहा लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. सी-बॉडीवर कॅडिलॅक डेव्हिल, ब्युइक इलेक्ट्रा आणि ओल्डस्मोबाइल ९८ या गाड्या होत्या. बी आणि सी यांत पुढील अर्धा भाग बराचसा समान असे. फरक मुख्यत्वे मागील आसनांच्या जागेत व डिकीच्या लांबीत. डी-बॉडीचे उत्पादन अत्यल्प होते. ती लिमोझिन आणि तत्सम औपचारिक गाड्यांपुरती मर्यादित राहिली.

या तिन्ही साच्यांची बांधणी स्वतंत्र फ्रेमवर होती, म्हणजे खाली पोलादी चौकट आणि तिच्यावर रबरी आधारांवर बसवलेले कवच. चौकटीचा आकार मात्र बदलत गेला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराची फ्रेम आली. तिने गाडी ठेंगणी झाली, पण कडेने संरक्षण देणारा भाग उरला नाही. शेव्हरलेने १९६५ मध्ये ती टाकून प्रवासी-कक्षाभोवती फिरणारी फ्रेम घेतली. या फ्रेमच्या आकाराचा एक्स-बॉडीशी काहीही संबंध नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. नवख्या वाचकाची यात हमखास फसगत होते.

१९७१ ते १९७६ या काळात बी व सी-बॉडी त्यांच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या आकाराला पोहोचल्या. त्याच सुमारास १९७३ चे तेलसंकट आले आणि डिसेंबर १९७५ मध्ये अमेरिकेत इंधन-कार्यक्षमतेचा कायदा झाला. या कायद्याने प्रत्येक कंपनीच्या गाड्यांची सरासरी १९७८ मध्ये गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत २७.५ मैल असावी असे बंधन घातले. कंपनीने १९७७ मध्ये बी, सी व डी हे तिन्ही साचे एकदम लहान केले. शेव्हरलेचा व्हीलबेस १२१.५ इंचांवरून ११६ इंचांवर (२,९४६ मिमी) आला आणि गाडी शेकडो पौंडांनी हलकी झाली. तरीही आतील जागा कमी झाली नाही. चालन-पद्धत, स्वतंत्र फ्रेम आणि व्ही-८ इंजिन ही त्रयी तशीच राखून केवळ फाजील आकार छाटण्याचा हा प्रयोग कंपनीच्या अभियंत्यांच्या उत्तम कामगिरींत गणला जातो.

मधल्या आकाराच्या गाड्या : ए आणि जी

रिकामे पडलेले ए हे अक्षर १९६४ मध्ये पुन्हा वापरात आले, पण नव्या अर्थाने. आता ते सर्वांत लहान साच्याचे नव्हे, तर मधल्या आकाराच्या साच्याचे नाव होते. शेव्हरले शेव्हेल, पॉन्टिअॅक टेम्पेस्ट व लेमान्स, ओल्डस्मोबाइल एफ-८५ व कटलास आणि ब्युइक स्पेशल व स्कायलार्क या चार विभागांच्या गाड्या त्यावर आल्या. सुरुवातीचा व्हीलबेस ११५ इंच (२,९२१ मिमी) होता. १९६८ मध्ये दोन दरवाजांच्या गाड्यांना ११२ इंच आणि चार दरवाजांच्या गाड्यांना ११६ इंच असा भेद करण्यात आला.

ए-बॉडीने अमेरिकी मोटारीच्या इतिहासाला एक अनपेक्षित वळण दिले. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये असा कंपनीचा अंतर्गत नियम होता. पॉन्टिअॅकने १९६४ मध्ये ३८९ घन इंचांचे इंजिन 'ऐच्छिक साहित्य' म्हणून लेमान्समध्ये बसवले व त्या संचाला जीटीओ असे नाव दिले. नवे मॉडेल काढण्यास मंजुरी लागते, ऐच्छिक साहित्यास लागत नाही, ही पळवाट होती. हलक्या साच्यात मोठे इंजिन बसवण्याची ही युक्ती लवकरच इतर विभागांनी आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांनीही उचलली.

जी हे अक्षर १९६९ च्या पॉन्टिअॅक ग्रां प्री आणि १९७० च्या शेव्हरले माँटे कार्लो या लांब नाकाच्या दोन-दरवाजी गाड्यांसाठी आले. तांत्रिकदृष्ट्या ती ए-बॉडीचीच वाढवलेली आवृत्ती होती. ग्राहकाने मात्र तिच्यासाठी अधिक पैसे मोजले. १९७३ नंतर या गाड्यांना 'ए-विशेष' अशा नावाने पुन्हा ए कुटुंबात मोजले जाऊ लागले. १९७८ मध्ये ए-बॉडीही लहान झाली आणि तिचा व्हीलबेस सुमारे १०८ इंच (२,७४३ मिमी) झाला.

यानंतर १९८२ मध्ये कंपनीने शेव्हरले सेलिब्रिटी, पॉन्टिअॅक ६०००, ओल्डस्मोबाइल कटलास सिएरा आणि ब्युइक सेंचुरी या पुढील चाकांवर चालणाऱ्या नव्या गाड्यांना ए-बॉडी हे नाव दिले. जुन्या मागील-चाक-चालित ए-बॉडीचे उत्पादन चालूच असल्याने तिला जी-बॉडी म्हणण्यात आले. १९८१ ची माँटे कार्लो ए आणि १९८२ ची माँटे कार्लो जी, परंतु पोलाद तेच, साचे तेच व फ्रेमही तीच. बदलले फक्त कागदावरील अक्षर. ब्युइकची टर्बो इंजिन असलेली ग्रँड नॅशनल आणि १९८७ ची केवळ ५४७ नगांची जीएनएक्स या गाड्या याच जी-बॉडीवर बांधलेल्या आहेत. १९८८ मध्ये तर ओल्डस्मोबाइलच्या दालनात दोन कटलास सुप्रीम शेजारी-शेजारी होत्या : एक 'क्लासिक' हे उपपद लावलेली जी-बॉडीची, मागील चाकांवर चालणारी, आणि दुसरी डब्ल्यू-बॉडीची, पुढील चाकांवर चालणारी.

लहान गाड्या : वाय, एक्स, एच आणि टी

१९६० च्या सुमारास आयात होणाऱ्या छोट्या गाड्यांना उत्तर म्हणून कंपनीने एकाच वेळी अनेक मार्ग चोखाळले. शेव्हरले कॉर्व्हेअर (१९६०–६९) ही झेड-बॉडी होय. तिचे हवेने थंड होणारे इंजिन मागे होते. ब्युइक, ओल्डस्मोबाइल व पॉन्टिअॅक यांना १९६१ ते १९६३ या काळात वाय-बॉडी मिळाली. पॉन्टिअॅक टेम्पेस्टमध्ये इंजिन पुढे, पण गिअरबॉक्स मागील आसाजवळ होता व दोहोंना जोडणारा शाफ्ट मुद्दाम किंचित वाकवलेला होता. ब्युइकचे २१५ घन इंचांचे अॅल्युमिनियमचे व्ही-८ इंजिन पुढे ब्रिटनच्या रोव्हर कंपनीने घेतले आणि कित्येक दशके वापरले. इतकी कल्पकता एकाच साच्यात क्वचितच आढळते, आणि तीन वर्षांत ती गुंडाळून साध्या ए-बॉडीकडे कंपनी वळली, हेही तितकेच बोलके आहे.

टिकून राहिली ती साधी एक्स-बॉडी. १९६२ मध्ये शेव्हरलेने ती चेव्ही-२ या नावाने आणली. पुढे तिचे नाव नोव्हा झाले. १९७० च्या दशकात इतर विभागांनीही आपापली एक्स-बॉडी गाडी काढली : पॉन्टिअॅक व्हेंचुरा, ओल्डस्मोबाइल ओमेगा आणि ब्युइक अपोलो. नोव्हा, ओमेगा, व्हेंचुरा, अपोलो यांची इंग्रजी आद्याक्षरे जोडल्यास पुन्हा 'नोव्हा' हाच शब्द तयार होतो. कंपनीला हे ठाऊक असो वा नसो, चौघींचे नाते त्याहून नेमकेपणाने सांगता येणार नाही.

एच-बॉडीवर १९७१ ची शेव्हरले व्हेगा आली, तिचा व्हीलबेस ९७ इंच (२,४६४ मिमी) होता. मोंझा, सनबर्ड, स्कायहॉक व स्टारफायर याच साच्याच्या. टी-बॉडी ही कंपनीची पहिली खऱ्या अर्थाने जागतिक गाडी म्हणता येईल. १९७३ मध्ये ती ब्राझीलमध्ये शेव्हरले शेव्हेट व जर्मनीत ओपेल कॅडेट म्हणून निघाली. पाठोपाठ जपानमध्ये इसुझू जेमिनी, ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉल शेव्हेट आणि १९७६ च्या मॉडेल-वर्षी अमेरिकेत शेव्हरले शेव्हेट म्हणून आली. पॉन्टिअॅकने तिच्या आपल्या आवृत्तीला 'टी१०००' असे नाव दिले. एरवी कारखान्याच्या कागदांत राहणारे अक्षर येथे थेट गाडीच्या पाठीवर झळकले.

एफ-बॉडी आणि कॉर्व्हेट

फोर्ड मस्टँगच्या यशाला उत्तर म्हणून १९६७ मध्ये शेव्हरले कमॅरो आणि पॉन्टिअॅक फायरबर्ड यांसाठी एफ-बॉडी तयार झाली. १९६८ च्या नोव्हाशी तिचे नाते जवळचे होते. दोन्हींत प्रवासी-कक्ष युनिबॉडी पद्धतीचा, म्हणजे कवच हीच चौकट अशा रचनेचा होता आणि इंजिन व पुढील सस्पेन्शन यांचा भार वाहणारी अर्धी फ्रेम पुढच्या बाजूने बोल्टने जोडलेली होती. १९८२ मध्ये व्हीलबेस १०८ वरून १०१ इंचांवर (२,५६५ मिमी) आला व अर्धी फ्रेमही गेली. कॅनडातील क्वेबेक प्रांतात सँत-तेरेझ येथील कारखान्यात २००२ साली एफ-बॉडीचे उत्पादन थांबले.

वाय हे अक्षर लहान गाड्यांकडून सुटल्यावर ते शेव्हरले कॉर्व्हेटशी कायमचे जोडले गेले. कॅडिलॅक एक्सएलआर (२००४–०९) हा अपवाद वगळता हा साचा कोणाशी वाटून घेतलेला नाही. २०२० च्या मॉडेलपासून कॉर्व्हेटचे इंजिन चालकाच्या मागे गेले, तरी अक्षर वायच राहिले.

एकच अक्षर, दोन चालन-पद्धती

ई-बॉडीचे उदाहरण वर्गीकरणाची मर्यादा स्पष्ट करते. १९६३ ची ब्युइक रिव्हिएरा मागील चाकांवर चालणारी होती. १९६६ मध्ये ओल्डस्मोबाइल टोरोनॅडो आणि १९६७ मध्ये कॅडिलॅक एल्डोराडो पुढील चाकांची चाल घेऊन त्याच ई-बॉडीत आल्या. रिव्हिएरा मात्र जुन्याच पद्धतीने चालत राहिली. अक्षर कवचाचे होते, चालन-पद्धतीचे नव्हे, हे यावरून ध्यानात येते.

के-बॉडीची कथा निराळी आहे. १९७५ मध्ये कॅडिलॅकने युरोपीय गाड्यांना तोंड देण्यासाठी सेव्हिल ही लहान गाडी काढली. तिचा पाया एक्स-बॉडीवरून, म्हणजे नोव्हाच्या कुळातून घेतलेला होता; पण व्हीलबेस १११ वरून ११४.३ इंचांवर नेला, बरीच नवी रचना केली आणि तिला के हे वेगळे अक्षर दिले. किंमत सुमारे १२,५०० डॉलर होती, नोव्हाच्या कित्येक पट. ग्राहकांनी ती स्वीकारली. पुढे १९८२ मध्ये पुढील-चाक-चालित जे-बॉडीवर फारसा फरक न करता कॅडिलॅक सिमारॉन काढली गेली, तेव्हा मात्र त्यांनी ती नाकारली.

पुढील चाकांच्या चालीत इंजिन आडवे बसते, प्रोपेलर शाफ्ट लागत नाही, फरशीतील उंचवटा नाहीसा होतो आणि लहान गाडीत अधिक जागा मिळते. इंधनाच्या कायद्यामुळे कंपनीने साचे एकेक करून याच पद्धतीकडे वळवले. एक्स १९८० मध्ये वळली, ए १९८२ मध्ये, सी १९८५ मध्ये. एच हे अक्षर छोट्या व्हेगाकडून १९८६ मध्ये थेट ब्युइक लेसेबर व ओल्डस्मोबाइल ८८ या मोठ्या गाड्यांकडे गेले. मागील चाकांवर चालणारी कॅडिलॅक ब्रूहम सी-बॉडीच होती. सी हे अक्षर नव्या गाड्यांना दिल्यावर तिला डी म्हणण्यात आले.

पॉन्टिअॅक बॉनव्हिलचा प्रवास या स्थित्यंतराचा उत्तम दाखला आहे. १९८१ पर्यंत ती बी-बॉडी होती. १९८२ मध्ये ते नाव मधल्या आकाराच्या जी-बॉडीला देण्यात आले. मोठ्या गाडीचे ग्राहक नाराज झाले, म्हणून १९८३ मध्ये कॅनडात विकली जाणारी पॅरिसिएन ही बी-बॉडी गाडी अमेरिकेत आणावी लागली. १९८७ मध्ये बॉनव्हिल पुढील-चाक-चालित एच-बॉडीवर गेली. सात वर्षांत एकाच नावाने तीन अक्षरे आणि दोन चालन-पद्धती पाहिल्या.

साम्याचा प्रश्न

साचा वाटून घेणे आणि गाडी सारखीच दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६० च्या दशकात प्रत्येक विभागाचे इंजिन, सस्पेन्शनची जुळणी व बाह्य पत्रे स्वतंत्र असल्याने साम्य झाकले जाई. खर्च वाचवण्यासाठी एकेक गोष्ट सामाईक होत गेली. १९७७ मध्ये शिकागो येथील एका ग्राहकाला आपल्या ओल्डस्मोबाइलमध्ये शेव्हरलेचे इंजिन असल्याचे आढळले आणि प्रकरण इलिनॉय राज्याच्या महाधिवक्त्यांनी न्यायालयात नेले. ते इंजिन वाईट नव्हते. परंतु शिडीच्या वरच्या पायरीचे पैसे देऊन खालच्या पायरीची वस्तू मिळाल्याची भावना ग्राहकांत पसरली. ऑगस्ट १९८३ मध्ये 'फॉर्च्यून' या नियतकालिकाने चार विभागांच्या पुढील-चाक-चालित ए-बॉडी गाड्या मुखपृष्ठावर एकत्र छापल्या. त्या ओळखू येत नव्हत्या. १९८४ च्या पुनर्रचनेत फिशर बॉडीचे स्वतंत्र अस्तित्वही संपले. ओल्डस्मोबाइल २००४ मध्ये आणि पॉन्टिअॅक, कंपनीच्या २००९ मधील दिवाळखोरीनंतर, २०१० मध्ये बंद पडली. यास केवळ सामाईक साचे जबाबदार होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. फोक्सवॅगनसारख्या कंपन्यांनी तीच पद्धत यशस्वी केली आहे. मात्र पायऱ्यांमधील अंतर पुसले गेल्यावर शिडीचे प्रयोजन उरले नाही, हे खरे.

जुन्या साच्यांचा शेवट

मोठ्या मागील-चाक-चालित गाड्यांना पोलीस दले, टॅक्सीचालक आणि मागे बोट किंवा कॅराव्हॅन ओढणारी कुटुंबे यांची मागणी कायम होती. त्यामुळे १९९१ मध्ये शेव्हरले कॅप्रिसला १९७७ च्याच फ्रेमवर नवे गोलाकार कवच मिळाले, ब्युइकने रोडमास्टर हे जुने नाव पुन्हा काढले आणि १९९४ मध्ये ५.७ लिटर, २६० अश्वशक्तीची इम्पाला एसएस आली. परंतु टेक्ससमधील आर्लिंग्टनचा कारखाना त्याच जागेत अधिक नफा देणाऱ्या एसयूव्ही बनवू शकत होता. १९९६ मध्ये बी व डी-बॉडीचे उत्पादन तेथे बंद झाले. अमेरिकी पोलिसांच्या गाड्यांचा बाजार यानंतर बराच काळ फोर्ड क्राऊन व्हिक्टोरियाकडे राहिला.

ग्रीक अक्षरे

नव्या शतकात कंपनीने जगभरातील आपल्या शाखांसाठी सामाईक साचे आखले व त्यांना ग्रीक अक्षरांची नावे दिली. मागील चाकांच्या गाड्यांपैकी सिग्मावर २००३ ची कॅडिलॅक सीटीएस आली. कॅप्पावर पॉन्टिअॅक सॉल्स्टिस व सॅटर्न स्काय या दोन आसनी गाड्या बांधल्या गेल्या. झीटा ऑस्ट्रेलियातील होल्डन कंपनीने विकसित केली; २००६ ची होल्डन कमोडोर, पॉन्टिअॅक जी८ आणि २०१० ची पुनरुज्जीवित कमॅरो तिच्यावर होत्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये होल्डनचे उत्पादन थांबले व त्याबरोबर झीटाही संपली. अल्फावर २०१३ ची कॅडिलॅक एटीएस, २०१६ ची कमॅरो आणि नंतरच्या सीटी४ व सीटी५ या गाड्या आहेत. ओमेगावर कॅडिलॅक सीटी६ होती. अल्फा व ओमेगा ही नावे लहान-मोठ्या क्रमाने आली असली, तरी झीटा, सिग्मा व कॅप्पा यांत आकाराचा कोणताही क्रम दिसत नाही.

भारताशी संबंध

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली व ती १९५४ पर्यंत चालली. त्या काळातील शेव्हरले व इतर मोटारी मागील चाकांवर चालणाऱ्याच होत्या. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा ही कंपनीच्या व्हॉक्सहॉल या ब्रिटिश शाखेच्या व्हीएक्स या मागील-चाक-चालित गाडीवरून घेतलेली होती. ती अमेरिकी अक्षर-व्यवस्थेत मोडत नाही. पुण्याजवळ तळेगाव येथे २००८ मध्ये सुरू झालेल्या कारखान्यातील शेव्हरले स्पार्क व बीट या गाड्या पुढील चाकांवर चालणाऱ्या होत्या.

गाडीवरून अक्षर ओळखणे

१९८१ पासून अमेरिकेत प्रत्येक वाहनाला सतरा चिन्हांचा ओळख-क्रमांक असतो. चालकाच्या बाजूला पुढील काचेच्या तळाशी तो बाहेरून वाचता येतो. १९८७ पासून जनरल मोटर्सच्या मोटारींत यातील चौथे चिन्ह साच्याचे अक्षर दर्शवू लागले : कॉर्व्हेटला वाय, कमॅरोला एफ, कॅप्रिसला बी. त्याआधीच्या गाड्यांत मात्र मॉडेलचे नाव आणि वर्ष यांवरूनच अक्षर ठरवावे लागते.